सत्ताविसाव्या पानावरचं वर्तुळ

आमच्या दादरच्या वाचनालयात पुस्तक वाचून झालं की त्यावर खूण करायची पद्धत आहे. नियमावलीत ती नाही. नियमावलीत 'पुस्तकावर काहीही लिहू नये' असं ठळक अक्षरांत आहे. पण साठी ओलांडलेल्या वाचकाची अडचण अशी की, पुस्तक घरी नेऊन पन्नास पानं वाचल्यावर त्याला कळतं, हे आपलं वाचून झालंय. मग दादरहून परळपर्यंतची पायपीट फुकट जाते. म्हणून प्रत्येकाने आपलं एक पान ठरवलेलं असतं आणि त्यावर पेन्सिलीने एक बारीक खूण केलेली असते. पुस्तक निवडताना आधी ते पान उघडायचं. खूण दिसली की पुस्तक परत फळीवर.

एक निवृत्त मुख्याध्यापक एकावन्नाव्या पानावर पूर्ण सही करतात, खाली तारीख घालून, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर करावी तशी. वरळी कोळीवाड्यातल्या एक बाई आहेत, सकाळचा बाजार आटोपून दुपारी येतात. त्या शेवटच्या पानावर दोन रेषांचा मासा काढतात. पुस्तक आवडलं असेल तर माशाला डोळा असतो. वाचनालयाने आजवर नेमलेल्या कुठल्याही निवड समितीपेक्षा मी त्या डोळ्यावर जास्त विसंबतो.

मला वेगळी खूण लागत नाही. मी गिरगावातल्या एका छापखान्यात तीस वर्षं प्रुफं तपासली. मी वाचलेल्या पुस्तकात छपाईच्या चुका समासात दुरुस्त केलेल्या असतात, आणि चुका नसलेलं मराठी पुस्तक अजून माझ्या हाती यायचंय.

बायकोची खूण होती. सत्ताविसाव्या पानावर, आकड्याच्या शेजारी, एक लहानसं वर्तुळ आणि आत ठिपका. सत्तावीसच का, असं मी एकदा विचारलं होतं.

"तेवढ्या पानांत कळतं, पुढे वाचायचं की नाही," ती म्हणाली. आणि मग भाजी निवडता निवडता, "लग्न ठरवताना कोणी सत्तावीस पानं दिली नव्हती."

तिला जाऊन सहा वर्षं झाली. वाचनालयाचं सभासदत्व कुटुंबाच्या नावावर आहे. एकच क्रमांक, त्यावर एका वेळी दोन पुस्तकं. मी दर मंगळवारी जातो आणि एक आणतो.

गेल्या वर्षी एका कादंबरीला पुरस्कार मिळाला आणि वाचनालयाने तिची प्रत घेतली. नाव देत नाही. लेखिकेने माझं काही वाईट केलेलं नाही. कादंबरीत चौतिशीतले दोघं आहेत. लग्न न करता चार वर्षं भाड्याच्या घरात एकत्र राहतात, मग राहत नाहीत. एवढीच गोष्ट. भांडण होत नाही, तिसरं माणूस येत नाही, कोणी मरत नाही. खिडकीला कुठला पडदा लावायचा हे दोनशे पानांत ठरत नाही, आणि ती घर सोडून जाते तेव्हाही काचेवर वर्तमानपत्रच चिकटवलेलं असतं.

या पुस्तकाने वाचनालयाची शांतता घालवली. मुख्याध्यापक काउंटरवर पुस्तक आपटून म्हणाले, "ह्याला कादंबरी म्हणायचं? दोघांच्या मोबाईलमधली बडबड आहे ही." ते आपटायला त्यांनी चार आठवडे घेतले होते. एक मुलगी परत करायला आली आणि हे विकत कुठे मिळेल, असं विचारून गेली. आमच्याकडे असं कोणी विचारत नाही. आम्ही सगळे विकत घ्यावं लागू नये म्हणूनच तर येतो.

कोळीवाड्याच्या बाईंचं म्हणणं वेगळं होतं. "पोरगी वाईट नाय, पोरगा पन वाईट नाय. मंग मोडलं कुनी?"

"तोच तर प्रश्न आहे ना मावशी," ग्रंथपाल बाई म्हणाल्या.

"मंग सांगायला नको तिनं? दोनशे पानं घेतली की."

मी शेवटचं पान उघडून पाहिलं. मासा होता. डोळ्याचा ठिपकाही होता, पण माशाच्या बाहेर.

मतं अशी फाटलेली पाहून आमच्या कार्यवाहांना स्फुरण चढलं. चाळिशीतला, उत्साही माणूस. त्यांनी परिसंवाद ठरवला. विषय: 'आजची पिढी आणि नात्यांचा बदलता अवकाश.' विषयात अवकाश आला की सभागृहातही तो भरपूर राहतो, हा माझा अनुभव.

"काका, तुम्ही बोला ना. ज्येष्ठांच्या बाजूने."

"बाजू? मॅच आहे का?"

"तसं नाही हो. पण थोडं खुमासदार. तुमचं ते तिरकस असतं ना, तसं. दहा मिनिटं."

माणसाला म्हातारपणी कोणी तिरकस म्हटलं की तो खूश होतो. मी पुस्तक माझ्या नावावर करून घेतलं.

घरी आलो, पेन्सिलीला टोक केलं आणि खिडकीशी बसलो. परळमधल्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. समोर टॉवर झाल्यापासून वाचण्यापुरता उजेड दुपारी चारपर्यंतच असतो. कादंबरीत संवादांना अवतरणचिन्हं नव्हती. आधी वाटलं, प्रूफ कोणी वाचलंच नाही. मग लक्षात आलं, ही शैली आहे. नवव्या पानाच्या समासात कोणीतरी लिहिलं होतं, 'हे दोघे कामाला कधी जातात?' बाराव्यावर मी एक वेलांटी दुरुस्त केली. सत्ताविसावं उघडलं आणि थांबलो.

आकड्याच्या शेजारी वर्तुळ होतं. आत ठिपका.

पुस्तक मागच्या वर्षी छापलेलं. बायको सहा वर्षांपूर्वी गेलेली. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि असता तरी माझी बायको या पुस्तकासाठी परत आली नसती. तिसऱ्या प्रकरणापर्यंत लग्न किंवा मरण न झालेलं पुस्तक ती ठेवून द्यायची. मी मागे चिकटवलेला तारखांचा कागद पाहिला. तारखेच्या शिक्क्यापुढे सभासद क्रमांक लिहितात. वरून चौथ्या ओळीत, दोन महिन्यांपूर्वीच्या तारखेपुढे, माझा क्रमांक होता.

तेव्हा मात्र मी घाबरलो. मला दिसत होतं ते एवढंच: हे पुस्तक मी आधी नेलंय, वाचलंय, पार विसरलोय, आणि विसरता विसरता तिची खूण काढून ठेवलीय. ओळखीतले दोघं-तिघं असेच गेले. आधी चष्मा कुठे ते विसरले, मग घर कुठे ते. चहा ठेवला. गॅस बंद केला का, हे दोनदा उठून पाहिलं. पुढे वाचलं नाही.

दुसऱ्या दिवशी बुधवार असून मी वाचनालयात गेलो. ग्रंथपाल बाईंनी घड्याळाकडे नाही, कॅलेंडरकडे पाहिलं.

"हा क्रमांक माझा," मी कागदावर बोट ठेवलं. "मी नेलं होतं हे?"

"तुम्ही नाही हो. तुमच्या मुलीनं."

"मुलीनं."

"येते की ती. एक शनिवार सोडून एक. सकाळी, उघडल्या उघडल्या." मग त्यांच्या लक्षात काहीतरी आलं आणि त्यांनी समोरचं रजिस्टर उगाचच मिटलं. "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

"आहे ना," मी म्हटलं. "म्हटलं, एकदा खात्री करावी."

डोकं शाबूत आहे, याचा आनंद मला जिना उतरेपर्यंत पुरला. खाली फुटपाथवर आल्यावर हिशेब लागला की मुलगी महिन्यातून दोनदा माझ्या घरापासून वीस मिनिटांवर येते. आमच्याच क्रमांकावर पुस्तक घेते आणि परत जाते. मी दुसरं पुस्तक कधी घेत नाही, हे तिला माहीत असणार. आणि मी मंगळवारी येतो, हेही.

मुलीबद्दल थोडं सांगायला हवं. ती पस्तीस वर्षांची आहे, लोअर परळला एका ऑफिसात काम करते. शीवला एका मुलाबरोबर चार वर्षं राहिली. लग्न झालं नाही, त्यामुळे मोडलंही नाही. मधलं जे काही असतं ते झालं आणि संपलं. तो मुलगा आमच्याकडे तीनदा आला होता. चांगला होता. बशीतला चिवडा संपवायचा.

संपल्याचं सांगायला ती दोन वर्षांपूर्वी एका रविवारी दुपारी आली. दाराजवळच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "बाबा, आम्ही आता वेगळे राहतोय."

मी विचारलं, "सामान कुठे ठेवलंस?"

"मैत्रिणीकडे. भायखळ्याला."

"बरं."

मग चहा झाला. ती गेली. 'सामान कुठे ठेवलंस' याचा अर्थ 'इकडे घेऊन ये' असा होता. मला तो इतका उघड वाटत होता की वेगळा सांगायची गरजच वाटली नाही.

यात एक गोष्ट माझ्या लक्षात फार उशिरा आली. मुलगी आईला अगं-तुगं करायची आणि मला अहो-जाहो, आणि आम्हा दोघांमधलं सगळं बोलणं तिच्या आईमार्फत चालायचं. फोन बायकोच्या कानाला असायचा, मी बाजूला उभा. "विचार, ऑफिसला सुट्टी आहे का." बायको फोनमध्ये म्हणायची, "बाबा म्हणतायत, दोन दिवस राहायला ये." मी असं काही म्हटलेलं नसायचं. म्हणायचं मात्र तेच असायचं. माझं 'सामान कुठे ठेवलंस' बायकोच्या हाती पडलं असतं, तर तिने तिथल्या तिथे ते नीट करून पुढे दिलं असतं. मी तीस वर्षं दुसऱ्यांचं लिहिलेलं दुरुस्त केलं. माझं बोललेलं कोण दुरुस्त करत होतं, हे मला ती गेल्यावर कळलं.

आता फोन होतो तो वाढदिवसाला आणि दिवाळीला. "बरे आहात?" "बरा आहे. तू?" "बरी." "बाकी?" "बाकी काही नाही." मग मी फोन तसाच धरून बसतो.

त्या आठवड्यात मी कादंबरी पुन्हा पहिल्या पानापासून वाचली, आणि यावेळी समासही. समासात वेगळीच कादंबरी चालू होती. चाळिसाव्या पानावर कोणीतरी लिहिलं होतं, 'लग्न करा आणि मोकळे व्हा.' त्याच्या खाली वेगळ्या हातचं, 'केलं होतं. मोकळे झालो नाही.' सहासष्टाव्यावर: 'अख्ख्या पुस्तकात स्वयंपाक म्हणून फक्त एक अंडं उकडलंय.' एका ठिकाणी नुसतं 'खरं आहे', तीनदा, तीन वेगळ्या अक्षरांत. काउंटरवर पुस्तकाला शिव्या घालणारे आणि समासात 'खरं आहे' लिहिणारे एकच असावेत, असा मला संशय आहे.

एकशे त्रेचाळिसाव्या पानावर नायिकेचे वडील येतात. ते दर रविवारी फोन करतात, 'जेवलीस का' एवढंच विचारतात आणि तिने फोन ठेवायची वाट बघतात. पुस्तकभर त्यांना एवढंच काम आहे. समासात मुख्याध्यापकांचं टपोरं अक्षर: 'वडिलांचे पात्र अनावश्यक. कथानकास हातभार नाही.'

त्याखाली डावीकडे झुकलेल्या बारीक अक्षरांत लिहिलं होतं: 'माझे एवढंही विचारत नाहीत. पण फोन ठेवतही नाहीत.'

ते अक्षर मी पाटीवर गिरवताना पाहिलेलं आहे. पेन्सिल हातात होती. त्या दोन वाक्यांत दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

परिसंवाद रविवारी संध्याकाळी झाला. दीपप्रज्वलनाला पंख्याचा वारा आडवा आला. पंखे बंद केले तेव्हा अध्यक्षांना घाम फुटला, पंखे लावले तेव्हा समई विझली. पडद्याचा रंग ठरवू न शकणाऱ्या दोन माणसांसाठी आम्ही वीस मिनिटं समई लावत होतो. मग शाल, मग श्रीफळ. प्रमुख पाहुणे कोणी मोठे समीक्षक होते. ते चाळीस मिनिटं बोलले आणि शेवटी नायक-नायिकेचा जो समेट होतो तो मनाला उभारी देतो, असं म्हणाले. कादंबरीत समेट नाही. मुख्याध्यापकांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, मी कोळीवाड्याच्या बाईंकडे. त्या पदराआड हसत होत्या. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

बाई स्वतः उठून बोलल्या, यादीत नाव नसताना. "त्या दोगांना मदी बोलनारं मानूस नव्हतं. आमच्याकडं दहा जन असतात, नको तेवडे बोलतात. यांच्याकडं कोनीच नाय. म्हनून मोडलं. मला परवा समजलं." आणि बसल्या. चाळीस मिनिटांच्या मानाने हे बरंच होतं.

माझ्या खिशात चार पानांचं टिपण होतं. त्यात अवतरणचिन्हांवर विनोद होता, अंड्यावर होता, चांगले होते. मी उठलो तेव्हा सवयीने शेवटच्या रांगेपर्यंत पाहिलं. मुलगी आलेली नव्हती. येण्याचं कारणही नव्हतं; तिला कोण सांगणार?

मी म्हटलं, "या कादंबरीतलं वडिलांचं पात्र अनावश्यक आहे, असं एक मत आहे. मला ते पात्र हुबेहूब वाटलं. अनावश्यक आहे, हेही बरोबर आहे." आणि खाली बसलो.

सभागृह खो-खो हसलं. कार्यवाहांनी माईकवर येऊन "काकांचा खास तिरकस शैलीतला षटकार" वगैरे सांगितलं. दहा मिनिटांचं भाषण दहा सेकंदांत आटोपल्याबद्दल लोकांनी माझे नंतर मनापासून आभार मानले. बटाटेवडा खाताना मुख्याध्यापक जवळ आले आणि हळूच म्हणाले, "ते अनावश्यक म्हणजे... मी आपलं कथानकाच्या दृष्टीने लिहिलं होतं. माझा मुलगा कॅनडात असतो." वडा अर्धा तसाच ठेवून गेले.

तिचा शनिवार कोणता, हे मी त्या तारखांच्या कागदावरून काढलं. त्या शनिवारी सकाळी कुलूप उघडताना मी जिन्यात होतो. मी मासिकांच्या टेबलापाशी बसून एकच पान वाचत राहिलो.

ती आली. केस कापलेत, हे मला माहीत नव्हतं. सरळ कादंबऱ्यांच्या कपाटापाशी गेली, एक जुनं पुस्तक काढलं, सत्ताविसावं पान उघडलं. मग मी दिसलो.

"बाबा? आज मंगळवार नाहीये."

"माहितीये."

"बरे आहात ना?"

"बरा आहे." मी पुस्तकाकडे बोट केलं. "ती तिची आहे की तुझी?"

तिने पान उजेडात धरलं. "आईची. माझा ठिपका मोठा येतो."

"खूण असली की पुस्तक परत ठेवतात."

"मी तीच शोधून नेते," ती म्हणाली. "खूण असलेलीच. नव्यांवर नसते, मग..." पुढचं तिने सोडून दिलं आणि पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "ती कादंबरी वाचलीत?"

"वाचली. समासासकट."

ती लाल झाली. पस्तिसाव्या वर्षीही कान आधी लाल होतात, आईसारखे. मला वाटलं, आता मधे बोलणारं कोणी हवं होतं. काउंटरवर ग्रंथपाल बाई मान खाली घालून शिक्क्यांच्या तारखा फिरवत होत्या, तीच तीच तारीख.

"सामान अजून मैत्रिणीकडेच आहे?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, गेलं. पुन्हा तेच वाक्य.

"दोन खोकी राहिलीत. पुस्तकांची. तिच्या पलंगाखाली आहेत. का?"

"आतल्या खोलीतलं कपाट रिकामं आहे. तिथे राहतील. तूही... म्हणजे खोली आहेच."

एवढं लांब वाक्य मी तिच्याशी थेट बोललो नव्हतो. शेवटी ते जरा फाटलं, पण अर्थ पोचण्याइतकं होतं.

"बघते," ती म्हणाली. पुस्तक नावावर करून घेतलं, पिशवीत टाकलं. "मला ऑफिसला जायचंय. शनिवारीही असतं हल्ली." जिन्यापर्यंत गेली आणि वळली. "जेवता ना नीट?"

"जेवतो. तू?"

"जेवते."

ती उतरून गेली. मी तिथेच उभा राहिलो, फोन धरून राहतो तसा.

कपाट रिकामं नव्हतं. त्यात बायकोच्या साड्या होत्या, सहा वर्षं घडीही न मोडलेल्या, आणि खालच्या दोन कप्प्यांत माझी जुनी प्रुफं, कुठल्या कुठल्या पुस्तकांची, मी दुरुस्त केलेली. घरी येऊन दार उघडलं आणि कामाला लागलो. साड्या पलंगाखालच्या पेटीत ठेवल्या. एक वर राहिली, ती पेटीत मावेना, म्हणून माझ्या शर्टांत ठेवली. प्रुफं रद्दीला काढली. चारला उजेड गेला तेव्हा दिवा लावला आणि ओल्या फडक्याने फळ्या पुसल्या.

आज त्याला तीन आठवडे झाले. मधला शनिवार येऊन गेला. मी मुद्दाम गेलो नाही. मंगळवारी ग्रंथपाल बाई म्हणाल्या, ती येऊन गेली, तुमची चौकशी केली. फळ्यांवर धूळ बसते, मुंबईत बसायचीच. मी पुसतो.